अंगोरा सशाची लोकर : कधी वेचावी आणि कधी कातरावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी पाच महिन्यांचे दोन अंगोरा ससे आहेत. त्यांपैकी नर फ्रेंच जातीचा आहे आणि मादी जर्मन वळणाची आहे. रोज ब्रश फिरवूनही मादीच्या काखांत आणि जांघांत जटा धरत आहेत. विकणाऱ्याने दर तीन महिन्यांनी लोकर हाताने उपटून काढण्यास सांगितले होते, परंतु तसा प्रयत्न करताच मादी किंचाळली. आता कात्री लावावी का, जटा सोडवण्यासाठी आंघोळ घालावी का, आणि ब्रशमधून आजवर साठलेल्या पिशवीभर लोकरीचे काय करावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

सर्वांत आधी, मादीची लोकर उपटणे कायमचे बंद करा. ससा मुका म्हणावा इतका शांत प्राणी आहे आणि तो किंचाळतो तो जिवाच्या भीतीने किंवा असह्य वेदनेनेच. तुमच्या हातून क्रूरपणा झाला असे मी म्हणणार नाही, कारण तुम्हाला मिळालेला सल्लाच अर्धवट होता; तो एका जातीला लागू पडतो आणि दुसरीला मुळीच पडत नाही.

आखूड केसांच्या सशाचा केस साधारण ५ आठवडे वाढतो, मग त्याची वाढ थांबते आणि कालांतराने तो गळतो. अंगोरा सशात हीच वाढ सुमारे १४ आठवडे चालू राहते. महिन्याला दोन ते अडीच सेंटिमीटर या वेगाने केस लांबत जातो, आणि अंगोराची लांब लोकर म्हणजे मुख्यतः हा लांबलेला काळच होय. वाढ थांबल्यानंतर काय होते, ते मात्र जातीजातीत बदलते. इंग्लिश, फ्रेंच आणि सॅटिन अंगोरात बहुतेक केस एकाच सुमारास मुळाशी सैल होतात आणि खालून नवी लोकर वर येऊ लागते. अशी सुटलेली लोकर हाताने वेचून घेता येते. जर्मन आणि जायंट अंगोरात पिढ्यान्‌पिढ्या भरपूर उत्पादनासाठी निवड होत गेल्यामुळे एकत्रित लोकर सोडण्याची ही खोड जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्यांच्या अंगावर कोणत्याही दिवशी बहुतांश केस मुळाशी जिवंतच असतात, म्हणून त्यांची लोकर कातरावीच लागते. संकरित सशांत दोन्हींचे मिश्रण दिसते आणि खांद्यावरची लोकर सुटलेली असताना कमरेवरची घट्ट असू शकते.

त्यामुळे दिनदर्शिकेवर तीन महिन्यांनंतरची तारीख टाकून ठेवणे केवळ आठवणीसाठी ठीक आहे, निर्णयासाठी नव्हे. तुमच्या फ्रेंच नराची तपासणी अशी करा. त्याला मांडीवर किंवा न घसरणाऱ्या चटईवर शांत बसू द्या. खांद्यामागे लोकरीत हलकी फुंकर मारून भांग पाडा. जुन्या लोकरीच्या बुडाशी बोटाच्या जाडीएवढा आखूड, दाट, नवा थर वेगळा दिसत असेल, तर ती पहिली खूण. मग दहा-पंधरा केसांची बारीक चिमूट टोकाजवळ धरा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी बुडाशी कातडी स्थिर ठेवा आणि केस ज्या दिशेने झुकले आहेत त्याच दिशेने संथपणे ओढा. लोण्यातून दोरा ओढावा तशी चिमूट हातात आली आणि ससा गवत चघळत राहिला, तर लोकर तयार आहे. कातडी तंबूसारखी वर उचलली गेली, सशाने अंग चोरले किंवा मान वळवून पाहिले, तर थांबा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. पिंजऱ्याच्या तारांना आणि गवताला लोकरीचे पुंजके चिकटू लागणे ही या काळाची आणखी एक ठळक खूण आहे.

२०१३ मध्ये चीनमधील काही सशांची जिवंत लोकर ओरबाडून काढतानाची चित्रफीत जगभर पसरली आणि अनेक मोठ्या कपडे विक्रेत्यांनी अंगोरा घेणे थांबवले. त्यानंतर हाताने लोकर काढणे म्हणजे छळच, असा समज रूढ झाला. तो समज सरसकट खरा नाही. सुटलेली लोकर वेचणे आणि धरलेली लोकर उपटणे यांत गळलेले फूल उचलणे आणि झाड मुळासकट उखडणे यांइतके अंतर आहे. परंतु हे अंतर ओळखण्याची सवड आणि इच्छा ज्याला नाही, त्याने कोणत्याही जातीच्या सशाला कातरणे हेच सुरक्षित आहे.

आता जटांविषयी. पाच महिने हे वयच अवघड असते. बालवयातील लोकर अत्यंत मऊ, पातळ आणि चिवट असते, तिच्यात मऊ लोकरीला आधार देणारे लांब, राठ राखण केस कमी असतात आणि तिच्या बुडातून प्रौढ लोकर वर येऊ लागली की दोन्ही एकमेकींत अडकतात. अनेक अनुभवी पालक पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचे झाले की पहिली लोकर कातरून टाकतात, ते यासाठीच. ही लोकर कताईच्या दृष्टीने फारशी कामाची नसते, पण ती गेली की पुढची एकसारखी येते. तुमच्या मादीच्या बाबतीत हे राहून गेले आहे, म्हणून एकेक जट सोडवत बसण्याऐवजी तिची संपूर्ण लोकर एकदा कातरून नव्याने सुरुवात करावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

रोजच्या ब्रशमुळे जटा कमी न होता वाढतात, हे ऐकायला विचित्र वाटेल. लोकरीचा तंतू खवल्यांनी वेढलेला असतो. ऊब, ओल आणि घर्षण मिळाले की हे खवले एकमेकांत रुततात आणि नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला लोकरीचा थर, तयार होतो. वरवर फिरवलेला ब्रश टोकांना घासतो, बुडापर्यंत पोहोचत नाही, आणि आतला गुंता तसाच राहून वरून मात्र ससा नीट विंचरलेला दिसतो. शिवाय बारीक तारांचा स्लिकर ब्रश चांगले, न सुटलेले तंतूही तोडतो, आणि तुमच्या पिशवीत बहुधा हेच साठले आहे.

त्याऐवजी हवा वापरा. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा ब्लोअर किंवा व्हॅक्यूम क्लीनरचा हवा बाहेर फेकणारा मार्ग यासाठी उत्तम आहे. केस वाळवण्याचे गरम यंत्र नको, कारण कातडी भाजते आणि उष्णतेने ससा कासावीस होतो. सुरुवात सर्वांत कमी वेगाने, कमरेच्या बाजूने आणि दुरून करा, म्हणजे आवाजाची सवय होईल. नळी जवळ नेल्यावर लोकर गोलाकार उघडते आणि मध्यभागी गुलाबी कातडीचा ठिपका दिसतो. तो ठिपका दिसेल अशा रीतीने हळूहळू सर्व अंगावरून फिरा. कोंडा, गवताचे तूस आणि सुटे केस उडून जातात आणि बुडाशी कोळिष्टकासारखा धरू लागलेला गुंता आपोआप मोकळा होतो. जेथे हवा गेल्यावरही कातडी दिसत नाही, तेथे जट आहे असे समजावे. तोंड, डोळे आणि कानांच्या भोकांवर हवा मारू नये. फ्रेंच सशाला आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे पुरतात. इंग्लिश जातीला, जिच्या चेहऱ्यावर आणि कानांवरही झुबके असतात, दोन-तीन वेळा वेळ द्यावा लागतो. कंगवा फक्त कानांमागे, हनुवटीखाली, काखांत, जांघांत आणि शेपटीभोवती, म्हणजे जेथे अंग अंगाला घासते तेथेच लावावा.

आंघोळ घालू नये. ओल्या लोकरीवर हात फिरला की जट सुटण्याऐवजी ती नमद्यासारखी घट्ट होते, दाट लोकर तासन्‌तास वाळत नाही, अंग गारठते आणि पाण्याच्या धसक्याने दुबळा ससा दगावूही शकतो. लघवीने बुड माखले असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करावा, किंवा मक्याचे पीठ चोळून झटकावे. हा भाग दुर्लक्षित मात्र करू नये, कारण माखलेल्या लोकरीत माशा अंडी घालतात आणि उष्ण हवेत अळ्या एका दिवसात कातडीपर्यंत पोहोचतात.

कात्रीची भीती वाटणे योग्यच आहे. सशाची कातडी ओल्या कागदासारखी पातळ आणि सैल असते. जट वर ओढली की कातडीही सोबत वर येते आणि ती जटेचाच भाग वाटते. मी शिकत असताना एका मादीच्या काखेतील जट अशीच उचलून कापली आणि कात्रीच्या पात्यात लोकरीबरोबर दीड सेंटिमीटर कातडी आली. रक्त आश्चर्य वाटावे इतके कमी होते, आणि ससा हललाही नाही. पण टाके घालावे लागले. तेव्हापासून मी जट कधीही वर उचलत नाही. जट आणि कातडी यांच्या मध्ये कंगव्याचे दात आडवे सरकवायचे आणि कंगव्याच्या वरच्या बाजूने कापायचे, म्हणजे पाते चुकले तरी दातांवर अडते. दात सरकतच नसतील, तर बोथट टोकाच्या कात्रीने जट केसांच्या लांबीच्या दिशेने उभी चिरावी आणि बोटांनी दोन भाग बाजूला करावेत. चार तुकडे झाले की बहुतेक जटा हाताने सुटतात.

संपूर्ण कातरणीसाठी आधी ब्लोअरने लोकर स्वच्छ करून घ्या, कारण कातरून झाल्यावर तिच्यातील तूस काढणे फार त्रासाचे असते. ससा उंच टेबलावर चटई टाकून बसवा आणि एक हात सतत त्याच्या अंगावर ठेवा. तेथून मारलेली एक उडी पाठीचा कणा मोडायला पुरेशी असते, कारण मागच्या पायांतील जोराच्या मानाने सशाची हाडे हलकी असतात. पाठीच्या मध्यावर मानेपासून शेपटीपर्यंत सरळ भांग पाडून त्या रेषेपासून खाली, बोटभर रुंदीच्या ओळींनी कापत यावे. कात्री कातडीला समांतर धरावी आणि अंगावर सुमारे एक सेंटिमीटर लोकर ठेवावी. एकदा कापलेल्या जागी नीटनेटकेपणासाठी पुन्हा कात्री फिरवू नका. दुसऱ्यांदा कापल्याने पडणारे आखूड तुकडे चांगल्या लोकरीत मिसळतात आणि पुढे विणलेल्या कपड्यातून बोंडे होऊन गळत राहतात. ससा दोन महिने ओबडधोबड दिसेल, त्याला इलाज नाही.

पोटाकडची बाजू शेवटी घ्यावी. त्यासाठी सशाला उताणे टाकू नये. उताणा पडून निपचित झालेला ससा आरामात आहे असे वाटते, पण ती भीतीने आलेली ताठरता असते. त्याऐवजी त्याची पाठ आपल्या पोटाशी टेकवून, मागचे पाय मांडीवर घेऊन, त्याला अर्धवट बसते करावे. मादीची स्तनाग्रे लोकरीत दडलेली असतात, म्हणून ती आधी बोटाने चाचपून त्यांवर अंगठा ठेवूनच भोवती कापावे. नराच्या वृषणांबाबतही हीच काळजी घ्यावी. जांघेतील कातडीची घडी आणि शेपटीचे बूड या जागा सर्वाधिक कापल्या जातात. तळपायाची लोकर अजिबात कापू नका, तीच त्याची गादी आहे आणि ती गेली की टाचांना जखमा होतात. नवख्या हाताला या कामाला दीड-दोन तास लागतात. ते दोन बैठकींत केले तरी काही बिघडत नाही. ससा तोंडाने श्वास घेऊ लागला, तर त्या क्षणी काम थांबवून त्याला थंड, शांत जागी सोडावे.

कातरलेला ससा एका दिवसात अंगावरचे पांघरूण गमावतो. पहिले काही दिवस त्याला वाऱ्यापासून दूर, भरपूर कोरडे गवत घातलेल्या खोक्यासह ठेवावे, आणि गारठ्याच्या दिवसांत थोडी जास्त लांबीची लोकर राखावी. ऊब टिकवण्यासाठी या काळात तो लक्षणीय अधिक खातो, तेव्हा पहिल्या महिन्यात खाद्य वाढवावे आणि लोकर लांबेल तसे पुन्हा आटोक्यात आणावे. उलट, तापमान २८-३० अंशांच्या वर जाणार असेल तर पूर्ण लोकरीतील सशाला उष्णतेचा झटका बसू शकतो, म्हणून तेथे लोकरीची लांबी पुरेशी झाली नसली तरी आधी कातरून घ्यावे. फ्रेंच नराची लोकर वेचताना हा प्रश्न कमी येतो, कारण खालचा नवा थर आधीच आलेला असतो. तरीही मी एकाच दिवशी सगळी लोकर न घेता दोन-तीन दिवसांत घेते, म्हणजे सशालाही कंटाळा येत नाही आणि बोटांनाही.

लोकर वेळेवर न काढल्यास सर्वांत मोठा धोका पोटाला असतो. ससा अंग चाटतो, सुटलेले केस गिळतो आणि त्याला ओकारी काढता येत नाही. केस बाहेर पडण्याचा मार्ग एकच, आणि तो चालू राहतो तंतुमय वाळलेल्या गवतामुळे व पाण्यामुळे. म्हणून गवत अमर्याद असावे आणि गोळी खाद्य, ज्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावीत, मोजून द्यावे. काही मोठ्या पालन केंद्रांत आठवड्यातून एक दिवस केवळ गवत देण्याची पद्धत आहे आणि ती मला पटते. रोज लेंड्या पाहण्याची सवय लावून घ्या. त्या केसाने माळेसारख्या ओवलेल्या दिसू लागल्या की लोकर काढण्याची वेळ झाली. त्या बारीक झाल्या किंवा थांबल्या आणि सशाने अन्न सोडले, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे. अननसाचा किंवा पपईचा रस दिल्याने पोटातील केस विरघळतात, हे बरेच जण सांगतात, पण त्यांतील पाचकद्रव्ये केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनला विरघळवत नाहीत, आणि साखर मात्र आतड्याला बाधते. हिरव्या चाऱ्यात सुबाभळीचा पाला सढळ हाताने देऊ नका; त्यातील मिमोसीन या घटकाने केस मुळाशी सैल होऊन गळतात, आणि ती गळती नैसर्गिक चक्राची नसते.

कातरणीचा दिवस हाच कातडी नीट पाहण्याचा दिवस. मानेवर, पाठीवर पांढऱ्या पापुद्र्यांचा जाड कोंडा असेल आणि तो हलताना दिसला तर ते माइट, म्हणजे कातडीवरचे सूक्ष्म परजीवी, आहेत. कुत्र्यामांजरांसाठीचे फिप्रोनिल हे कीटकनाशक असलेले फवारे सशाला जीवघेणे ठरतात, म्हणून औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे. नखेही त्याच बैठकीत कापून टाकावीत.

राहिली पिशवी. ब्रशमधून निघालेल्या लोकरीत तुटके, आखूड आणि गुंतलेले तंतू असतात. ती कातण्याचा प्रयत्न करू नका, भरण म्हणून किंवा नमदा करण्यासाठी वापरा. पुढच्या वेळी मात्र कातरता कातरताच लोकर वेगवेगळ्या खोक्यांत टाका: पाठीची आणि बाजूंची, ६ सेंटिमीटरहून लांब व स्वच्छ लोकर पहिल्या प्रतीची, त्याहून आखूड, तसेच मान व पोटाची लोकर दुसऱ्या प्रतीची, गुंतलेली आणि डागाळलेली वेगळी. सगळी एकत्र टाकून नंतर निवडू, असे म्हटले की ते कधीच होत नाही. वेचलेल्या झुपक्यांची टोके एका दिशेला ठेवून मधे पातळ कागद घातला, तर लोकर दाबली जात नाही. पुठ्ठ्याचे खोके किंवा सुती पिशवी वापरावी, हवाबंद प्लास्टिक नको, आणि कसरीपासून जपावे. वार्षिक उत्पादनाचा अंदाज हवा असेल, तर फ्रेंच किंवा इंग्लिश सशाकडून पाव ते जेमतेम अर्धा किलो आणि चांगल्या जर्मन सशाकडून एक किलो किंवा थोडी अधिक लोकर मिळते. एकाच जातीत मादी नरापेक्षा अधिक देते, मात्र गाभण आणि दूध पाजण्याच्या काळात तिचे उत्पादन घटते.

मेंढीच्या लोकरीप्रमाणे ही आधी धुण्याची गरज नसते, कारण तिच्यात तेलकटपणा एक-दोन टक्केच असतो. तंतू १२ ते १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतका बारीक, आतून हवेच्या पोकळ्यांचा आणि गुळगुळीत असल्यामुळे टकळीवर तो बोटांतून निसटतो. पीळ नेहमीपेक्षा जास्त द्यावा लागतो. त्याला नैसर्गिक कुरळेपणा नसल्याने निव्वळ अंगोराचे विणकाम ताणले की तसेच लोंबत राहते, म्हणून पहिल्या प्रयत्नात चौथा हिस्सा अंगोरा आणि बाकी मेरिनो मेंढीची लोकर असा पेळू, म्हणजे कातण्यासाठी विंचरलेल्या लोकरीची वळी, करून पाहावा. सूत कातल्यावर ते सपाट आणि निर्जीव दिसेल. कोमट पाण्यातून काढून, लडी दोन-तीन वेळा झटकून वाळवली की त्यावर अंगोराची लव उभी राहते. प्रत्येक खोक्यावर सशाचे नाव आणि काढणीची तारीख लिहून ठेवा. त्या तारखेपासून ११-१२ आठवडे झाले की नराची चिमटीची तपासणी पुन्हा सुरू करा आणि मादीसाठी कात्रीला धार लावून घ्या.